भुईवर बसणारी माणसं

मावळातल्या जुन्या घराचं वय भिंतींवरून कळत नाही. भिंतींना दर दोन-तीन दिवाळ्यांनी रंग लागतो. वय सांगते ती जमीन. सुदुंबऱ्यातल्या आमच्या घरात पुढच्या दाराने शिरून परसदारापर्यंत चालत गेलं, की सगळा काळ पायाखालून जातो. ओसरीवर तांबडा कोबा आहे, माजघरात शहाबादी फरशी आहे, भावाच्या लग्नाआधी काढलेल्या खोलीत मोझॅक टाइल्स आहेत, आणि गोठ्याला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत अजून मातीचीच जमीन आहे. आता भाच्याने मनावर घेतलंय, की सगळं घर एकसारखं करायचं. जुनी फरशी काढायची की वरूनच नवी बसवायची, चकचकीत घ्यायची की मॅट, या उन्हाळ्यात घरात दुसरा विषय नाही. हा विषय निघाला की आमच्या वयाची माणसं हमखास मागे जातात. मागे जाण्यात सुख आहे. मागचं सगळं सुखाचंच होतं असं मानण्यात धोका आहे. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघावं.

आमच्या पिढीतल्या मुलींना पाटीवर अक्षरं वळायला लागली, त्याच सुमारास हाताला सारवणाचं वळण लागलं. गोठ्यातलं ताजं शेण घमेल्यात घ्यायचं, त्यातल्या काड्या आणि कडब्याचे तुकडे वेचायचे, चाळलेली माती मिसळायची आणि पाणी बेताबेताने घालायचं. पातळ झालं तर ओघळ राहतात, घट्ट झालं तर वाळल्यावर पोपडे सुटतात. पदर खोचून आतल्या कोपऱ्यात बसायचं आणि दाराकडे मागे मागे सरकत यायचं. तळवा पुरता टेकवून हात अर्धगोल फिरवायचा. पुढचा अर्धगोल आधीच्याच्या कडेवर चढला पाहिजे. मध्ये कोरी जागा राहिली तर आई बोलायची नाही, नुसतं तिथे बोट ठेवायची. बोटांच्या रेघा वाळल्यावरही दिसत. आईच्या रेघा बारीक आणि एकसारख्या, चुलतीच्या रुंद आणि घाईच्या. कोणती खोली कोणी सारवली, हे विचारावं लागत नसे. शेवटी भिंतीच्या कडेने पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला की काम संपलं. मग सगळ्यांनी ओसरीवर बसून जमीन वाळायची वाट बघायची. ओली हिरवट भुई कडेकडेने फिकी होत जाई, मधला ओला तुकडा लहान होत होत नाहीसा होई, आणि तोवर आत पाय टाकायची कोणाची छाती नसे.

आज वहिनी बादलीत फिनाइलचं झाकण ओतते, लांब दांड्याचा पोछा फिरवते आणि चहा उकळेपर्यंत खोली पुसून मोकळी होते. ती हे काम उभ्याने करते. तिच्या सासूला, म्हणजे आमच्या आईला, ते जन्मभर उकिडवं बसून करावं लागलं. आईच्या हाताला कौतुक मिळालं, गुडघ्यांना मिळालं नाही. वहिनीच्या कामाचं कोणी कौतुक करत नाही, पण तिची पाठ सरळ आहे. यातलं एकच निवडायचं झालं तर मी पाठ निवडीन.

आणि सारवणापुरतंच ते काम नव्हतं. पावसाळ्यात जमीन खालून ओली राहायची, चुलीच्या धुराने वरून काळी पडायची, आणि दसऱ्यापर्यंत तिला खड्डे पडलेले असायचे. मग ती उकरायची, नवा मुरूम-माती पसरायची, पाणी मारून मुरू द्यायची आणि लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची. चोपायला शेजारणी यायच्या. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. चोपण्याच्या ठोक्यांवर गप्पा चालत, सासरच्या तक्रारी त्या ठोक्यांत बेमालूम मिसळून जात, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या खांद्यांची सारखीच वाट लागलेली असे.

आता फरशीच्या कामाला शेजारी येत नाहीत. आलेच तर आवाज आणि धूळ किती दिवस चालणार ते विचारायला येतात. काम ठेक्याने होतं, दर चौरस फुटावर ठरतो. बाईच्या खांद्याला विश्रांती मिळाली. शेजारणीच्या घरात हक्काने बसायचं एक निमित्त मात्र गेलं.

मातीच्या जमिनीबद्दल गळा दाटून येण्याआधी तिने काय काय केलं तेही सांगायला हवं. तिच्यात पिसवा होत्या, उंदरांची बिळं होती, घुशी रात्रीतून कोपरा पोखरून मातीचा ढीग बाहेर काढत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि आमची बाळंतपणं त्याच सारवलेल्या खोलीत व्हायची. नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा तेव्हा बाहेरची बाधा म्हणायचे. आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं, त्यात लशीचा आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाचा वाटा मोठा. मेक्सिकोत कोआउइला राज्याने २००० साली गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा कोबा करून द्यायला सुरुवात केली. त्या घरांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मातीची जमीन पूर्ण जाऊन सिमेंटची आली, तिथे मुलांमधलं जंतांचं प्रमाण ७८ टक्क्यांनी, जुलाबांचं ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षयाचं ८१ टक्क्यांनी घटलं होतं. मुलांची समजही वाढली, आणि त्यांच्या आया आधीपेक्षा समाधानी होत्या. माती मेक्सिकोची असो की मावळची, रांगणारं मूल तिच्यावरचं जे तोंडात घालतं ते सारखंच.

आपल्याकडे २००१ च्या जनगणनेत ५७ टक्के घरांची जमीन मातीची होती; २०११ मध्ये ते प्रमाण साडेसेहेचाळीसवर आलं. हे आकडे वाचताना मला आनंद होतो आणि कुठेतरी चुटपुट लागते. आनंदाला कारणं आहेत. चुटपुटीला कारण शोधावं लागतं, आणि ते शोधायलाच हे लिहिते आहे.

सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव. चाकणचे संताजी, घरचा धंदा तेलघाण्याचा; तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. त्यांची आख्यायिका आमच्या गावात लहान पोरालाही पाठ असते. संताजींना मूठमाती द्यायला मी येईन, असं तुकोबांनी वचन दिलं होतं. संताजी गेले तोवर तुकोबा वैकुंठाला जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. लोकांनी कितीही माती लोटली तरी संताजींचा चेहरा झाकेना. शेवटी तुकोबा आले, त्यांनी तीन मुठी माती घातली, तेव्हा समाधी पुरी झाली. ज्या गावाची सगळ्यात मोठी गोष्टच मूठभर मातीची आहे, तिथे मातीच्या जमिनीची लाज वाटायचं कारण नव्हतं. तरीही आम्हाला ती वाटली. पुण्याचे पाहुणे यायचे, त्यांच्यातली एखादी सून बसण्याआधी हातरुमाल अंथरायची, आणि तो रुमाल बघून आमचा जीव अर्धा व्हायचा. गावात पक्की फरशी आली ती अर्धी सोयीसाठी आणि अर्धी त्या रुमालासाठी.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला महाराजांची पुण्यतिथी. तेव्हा यात्रेला आलेले सगेसोयरे मुक्कामाला राहत. माजघरात सतरंज्या, त्यावर घोंगड्या, एका ओळीत आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे. किती माणसं मावतील याचा हिशेब खाटांवर नव्हता, भिंत ते भिंत जमिनीवर होता. आता पाहुणे गाडीने येतात, दर्शन घेतात, चहा घेतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. कोणाला राहा म्हटलं तर पहिला प्रश्न झोपायचं कुठे हा असतो, आणि तो रास्तही आहे. पन्नाशीनंतर जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी सरळ उठत नाही.

सारवण गेलं ते आमची आवड बदलली म्हणून नव्हे, शेण गेलं म्हणून. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, चाकणला कारखाने आले, तळेगाव-चाकण रस्त्याला ट्रकांची रांग लागली, जमिनीला गुंठ्याचा भाव आला. गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आली, इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याने कशाने सारवायचं? पूर्वी शेण गोठ्यात पडायचं आणि लोणी विकत आणलं जायचं नाही. आता दोन्ही दुकानात मिळतात. लोणावळ्याकडे पर्यटकांसाठी बांधलेल्या मातीच्या खोल्यांत सारवलेली जमीन बघायला मिळते, तिचे पैसे रात्रीच्या हिशेबाने घेतात. आमच्या घरची मात्र त्या अडगळीच्या खोलीत पोपडे सोडत पडली आहे.

शहाबादी आली तो दिवस घरात सणासारखा होता. लोणावळा, तळेगाव, पुणे, सोलापूर करत मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पार कर्नाटकात शहाबाद आहे, तिथल्या खाणीतला हा चुनखडीचा दगड. राखाडी, कुठे निळसर तर कुठे हिरवट, दोन फरश्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या माजघरात भुईत बसवलेलं उखळ होतं. त्यात भात कांडलेलं, पोहे कुटलेले, मिरच्या कुटताना सगळं घर शिंकलेलं. गवंड्याने विचारलं, हे बुजवू का? आजी नाही म्हणाली. मग त्याने छिन्नीने एका फरशीला गोल खाच घेतली आणि उखळ तसंच ठेवून भोवती दगड बसवला. ती खाच इतकी नेमकी आहे की सांध्यात नख जात नाही.

शहाबादीचे दोषही तिच्याच जातीचे. लिंबू सांडलं, चिंचेचं पाणी सांडलं, की दगड खाल्ला जातो आणि तिथे पांढुरका डाग कायमचा राहतो. सांधे उकलतात, त्यात मुंग्या घर करतात. पावसाळ्यात दमट हवा आली की पायाला ओलसर लागते. पण चैत्रातल्या दुपारी तिच्यावर उघड्या पाठीने पडलं की पंख्याची गरज नाही. आणि एखादी तडकली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते. थोडी वेगळी दिसते, तरी बाकीच्या तिला सामावून घेतात.

त्यानंतरचा काळ मोझॅकचा. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून भारत टाइल्स निघाली, सिमेंटच्या रंगीत टाइल्स देशातच तयार व्हायला लागल्या, आणि पुढे पुण्या-मुंबईच्या इमारतींमधून त्या जातीच्या फरश्या आमच्या गावापर्यंत आल्या. संगमरवराच्या चुरी सिमेंटमध्ये दाबून केलेली टाइल आधी खरबरीत असते. बसवल्यावर मशीनने घासली की ठिपके वर येतात. आम्ही पोरं पालथं पडून त्या ठिपक्यांत घोडे आणि नकाशे शोधायचो. ओसरीवरच्या तांबड्या कोब्याला आई अधूनमधून खोबरेल लावून घोटायची. तो चमकायचा, आणि दर उन्हाळ्यात एखादी नवी भेगही दाखवायचा.

आता महामार्गालगतच्या दुकानात गेलं की भिंतभर टाइल्स उभ्या असतात. तेव्हा निवड नव्हती, म्हणून भांडण नव्हतं. आता निवड इतकी आहे की एकेका खोलीवर आठवडा जातो. व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे माती, फेल्डस्पार आणि सिलिका यांचं मिश्रण दाबून बाराशे अंशांच्या आसपास भाजलेलं. पाणी जवळजवळ शोषतच नाही, डाग धरत नाही, लिंबाला भीत नाही. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीत तयार होतात. त्यांच्यावर आता संगमरवर छापलेला असतो, लाकूड छापलेलं असतं, आणि शहाबादीसुद्धा छापलेली मिळते. ती बघून भाचा मला म्हणाला, “आत्या, ही घे, तुला जुनीसारखी वाटेल.” त्याच्या बोलण्यात माया होती. मी हात लावून बघितला. सगळ्या फरश्यांवर तोच डाग त्याच जागी होता.

मिस्त्री राजस्थानातला, बरीच वर्षं तळेगावात राहिलेला. त्याने थापीच्या दांड्याने माजघरातली एकेक फरशी ठोकून पाहिली. भरीव कुठे वाजते, पोकळ कुठे वाजते ते ऐकत तो गुडघ्यांवर पुढे सरकत होता. मग त्याने हिशेब मांडला. वरून टाइल बसवली तर चिकटवणाऱ्या थरासकट जमीन अर्धा इंच चढेल, सगळी दारं खालून तासावी लागतील, उखळ बुजेल. शिवाय खाली नुसता मुरूम आहे. आज ओल दगडातून आणि सांध्यांतून सुटते, वर पाणी न पिणारी टाइल आली तर तीच ओल वाट शोधत भिंतीत चढेल. सगळं उखडलं तर खाली काँक्रीट करावं लागेल, राडारोडा टाकायला ट्रॅक्टर लागेल, आणि घर महिनाभर राहण्याजोगं नसेल. तिसरा रस्ता म्हणजे पोकळ तेवढ्या फरश्या उचलून परत बसवायच्या, सांधे खरवडून नव्याने भरायचे आणि मशीनने घासाई करायची. हे सांगता सांगता त्याने पाण्याचा तांब्या मागितला आणि फरशीवर ओतला. मळकट राखाडी दगडातून गडद निळसर हिरवा रंग वर आला. भाच्याच्या बायकोने, आमच्या सूनबाईने, प्रथमच वाकून बघितलं.

कापाकापी पाणी मारून कर, एवढं मी त्याला बजावलं. नवी फरशी बसवणाऱ्याच्या अंगावर पडणारी पांढरी धूळ सिलिकाची असते, ती छातीत बसते आणि निघत नाही. जुन्या जमिनीने बायकांच्या गुडघ्यांची किंमत घेतली, नवी जमीन या मुलांच्या फुफ्फुसांची घेते. कोणाच्याच अंगावर न येणारी जमीन अजून झालेली नाही. ओल्या कटरने आणि तोंडावरच्या मुसक्याने निदान तिची किंमत कमी करता येते.

मग चुटपुट कशाची? मला वाटतं, आम्ही भुईवर राहत होतो, त्याची. जेवायला पाट, ताटाभोवती रांगोळी, दोन्हीकडे पंगत आणि मधून वाढणारी फिरायची. वाढणारीला प्रत्येकाच्या पुढ्यात वाकावं लागे आणि जेवणाऱ्याला मान वर करून नको म्हणावं लागे. कोळशाने भुईवर रेघा ओढून सोंगट्या मांडायच्या, खेळ संपला की पुढच्या सारवणात पट नाहीसा. भाद्रपदात गौरी यायच्या तेव्हा उंबऱ्यापासून देवापर्यंत त्यांची पावलं काढायची. मूठ रांगोळीत बुडवून उमटवायची आणि वर बोटाने अंगठा व चार बोटं टिपायची. प्रत्येक पावलाला घरातलं एखादं दालन दाखवून गौरीला विचारायचं, इथे काय आहे? आणि तिनेच सांगायचं, धन आहे, धान्य आहे. माणूस जन्मला तो भुईवर, आणि शेवटचा श्वास जवळ आला की त्याला भुईवरच घेत. जी जागा अंगाला लागते, तिची निगा राखावीच लागते.

आता जेवण टेबलावर, गप्पा सोफ्यावर, झोप पलंगावर, खेळ फोनवर. गौरीची पावलं स्टिकरची मिळतात, चिकटवायला दोन मिनिटं लागतात आणि पुसली जात नाहीत. फरशी आता अंगाखाली नसते, डोळ्यांसमोर असते. म्हणून ती चकचकीत हवी असते. यात कोणाचा दोष नाही. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी खुर्ची ही दयाच आहे, आणि पंगतीतही सगळे बरोबरीने बसत नव्हते. बायका शेवटी बसायच्या, उरलंसुरलं घेऊन, आणि काही जातींच्या माणसांना ओसरीच्या वर यायची मुभाच नव्हती. तांबडा कोबा तिथे संपायचा आणि पुढची जमीन सगळ्यांची नव्हती. आज त्याच माजघरात भाच्याचे कंपनीतले सोबती बूट काढून सरळ आत येतात, आणि त्यांना कोणी कोण-कुठले विचारत नाही. नवं काही आणलं नसतं आणि एवढंच बदललं असतं, तरी मी नव्या काळाच्या बाजूने उभी राहिले असते.

निर्णयाच्या दिवशी मी शहाबादी ठेवायच्या बाजूने बोलले. वहिनी ऐकून घेत होती. मग म्हणाली, “ताई, तुम्ही सणासुदीला येता, तुम्हाला शहाबादी बरी वाटणारच. पुसते मी. स्वयंपाकघरात मला टाइल पाहिजे, आणि घसरणारी नको.” तिच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही, आणि चालायलाही नको होतं. तेव्हा स्वयंपाकघर आणि न्हाणीत मॅट टाइल, खाली नवं काँक्रीट करून. माजघराची शहाबादी घासून घ्यायची, उखळ जागेवर. हे उखळ सूनबाईने मागितलं. तिच्या मुलाने परवा त्यात पाणी भरून कागदाची होडी सोडली होती. मोझॅकची खोली तशीच. तांबड्या कोब्याच्या भेगा भरायच्या. अडगळीच्या खोलीतली माती काढायची, तिथे वहिनीला शिलाई मशीन ठेवायचं आहे.

आमच्या पिढीने फरशी निवडताना दुकानातल्या नमुन्याकडे आणि आठवणींकडे कमी बघावं. घरात रोज पोछा कोण मारतं, रांगायला कोण लागलंय, कोणाचा पाय घसरायचं वय झालंय, आणि अजून मांडी घालून कोण बसतं, एवढं विचारावं. आठवणी आमच्या आहेत, त्या जपायला आम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. पण जमीन त्यांची आहे, जे तिच्यावर रोज वाकतात. कामाला वहिनीने एकच मुदत घातली आहे, गौरी यायच्या आत. पावलं यंदा रांगोळीची काढू, असं सूनबाई म्हणते आहे. मी तिला म्हटलं, मूठ कशी उमटवायची ते दाखवते, पण पहिलं पाऊल तूच काढ.